वाफ्यातलं मीठ आणि पडद्यावरची अक्षरं

आमच्या घरी आभाळ भरून आलं की सगळे हातातलं काम टाकून बाहेर धावायचे. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात माझे आईवडील मजुरी करायचे. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ धरलं की लाकडी दांताळ्याने ओढायचं आणि बांधावर त्याची रास घालायची. मोसम संपत आला की त्या राशी गवताने शाकारायच्या. मजुरी मिळायची ती राशीवर. वाफा कितीही पांढरा दिसू दे, ओढून बांधावर आणेपर्यंत ते मीठ कुणाच्याच हिशेबात नसायचं.

आईचे पाय मिठाने चिरलेले असायचे. संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसून टाचांना खोबरेल तेल लावायची आणि मी जवळ गेले की म्हणायची, "हात नको लावू गो, आग व्हते." प्यायचं पाणी लांबून आणायचं, घरात रॉकेलचा दिवा. शाळेत मुली मला 'मिठागरातली' म्हणायच्या. खोटं काय होतं त्यात? होतेच मी मिठागरातली.

मी सातवीत असताना एकदा ऐन चैत्रात पाऊस पडला. वडील ओरडले, "पानी आयलं गो! दांताळं घे!" आम्ही सगळे धावत सुटलो. आदल्या दिवसापासून मीठ ओढायला तयार होतं, वाफे बर्फासारखे चमकत होते. आम्ही बांधापर्यंत पोचलो तोवर सरी कोसळायला लागल्या, आणि बघता बघता त्या पांढऱ्या वाफ्यांतून खालचा काळा चिखल दिसायला लागला. वडील दांताळं टाकून बांधावर बसले. एवढंच म्हणाले, "उद्या वढू म्हनत व्हतो."

ते वर्ष आम्ही भात आणि सुक्या जवळ्यावर काढलं. माझ्या थोरल्या भावाची शाळा सुटली ती तेव्हाच. वडील माझंही नाव काढणार होते, पण आई आडवी आली. "ही शिकल. ही मिठात नाय उतरायची." वडील म्हणाले, "शिकून काय करल?" आई म्हणाली, "ते तिचं ती बघल. तुमी मीठ बघा."

मी शिकले. शाळा झाली, मग ठाण्यातच कॉलेज झालं, आणि बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा आमच्या वस्तीत पदवी हा शब्द पहिल्यांदा बोलला गेला. मी हे मिरवून सांगते. ज्याला खटकत असेल त्याला खटकू दे.

ही एकोणीसशे नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. नोकरी शोधत फिरताना मला डोंबिवली पूर्वेला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये काम मिळालं. काम म्हणजे टेबलाशी बसायचं, चौकशीला आलेल्यांना माहितीपत्रक द्यायचं आणि वेळ उरला तर क्लासच्या मशीनवर फुकट शिकायचं. त्या शेवटच्या सवलतीसाठीच मी तिथे राहिले. क्लास एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होता, खाली पिठाची गिरणी. चप्पल बाहेर काढायची, आत एसी, आणि प्रत्येक मशीनवर क्लास चालवणाऱ्या सरांच्या पत्नीने शिवलेला निळ्या मखमलीचा झगा. त्या खोलीत लोक देवळातल्यासारखं हळू बोलायचे. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. माउस वगैरे आम्हाला माहीत नव्हता. मशीनच्या पोटात काही साठवायची सोयसुद्धा नव्हती. सगळं राहायचं ते फ्लॉपीवर. त्या वेळची फ्लॉपी म्हणजे पोह्याच्या पापडाइतकी पातळ, हाताच्या पंजाएवढी चौकोनी काळी तबकडी. मधे भोक, आणि एका बाजूला लांबट खिडकी, जिच्यातून आतली चकचकीत चकती उघडी दिसायची.

मी शिकले भराभर. सर शिकवताना दाराशी उभी राहून ऐकायचे, संध्याकाळी रिकाम्या मशीनवर करून बघायचे. दुरुस्तीला मेकॅनिक आला की त्याच्या मागे उभी. तो वैतागायचा. "ताई, उजेड अडतोय." मी बाजूला व्हायचे आणि दुसऱ्या बाजूने बघायचे.

मग एक वेगळीच बॅच आली. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने आपल्या ऑफिसातली काही माणसं आमच्याकडे पाठवली. ऑफिसातले टाइपरायटर जाणार होते. दिवाळीच्या आधी कंपनी परीक्षा घेणार, पास होतील ते ऑफिसात राहणार, बाकीच्यांची बदली गोदामात. त्यांच्यात सगळ्यात ज्येष्ठ होते ते टायपिस्टकाका. पांढरा हाफशर्ट, खिशाला पेन, केसांना तेल. आयुष्यभर एकाच टाइपरायटरवर बसलेला माणूस. बोटं अशी चालायची की की-बोर्डकडे कधी बघायचेच नाहीत. पण समोरची पेटी बघितली की घाबरून जायचे.

सर हुशार होते, पण शिकवायचे पुस्तकातल्या इंग्रजीत. मेमरी अशी, डिव्हाइस तसं, फाइल म्हणजे हे. बॅच माना डोलवायची. एक दिवस काकांनी हात वर केला.

"सर, एक विचारू? ते मेमरी मेमरी म्हणता, ती असते कुठे? म्हणजे दाखवता येईल का?"

"काका, ती दिसत नाही."

"मग ती आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सगळे हसले. सर नाही हसले. तास संपल्यावर त्यांनी फायली माझ्या टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, तुम्ही नेहमी म्हणता ना, मराठीतून शिकवलं तर सगळ्यांना कळेल? घ्या ही बॅच. सगळेच्या सगळे पास झाले तर मराठी बॅच कायमची तुमची. एक जरी राहिला तरी हा विषय पुन्हा काढायचा नाही, तुम्ही तुमच्या टेबलावर. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. नको म्हणायला मी काय वेडी होते?

पहिले काही दिवस मीसुद्धा चाचपडलेच. सरांचंच बोलणं मराठी करून सांगायचे. 'स्मृती' म्हटलं तर बॅचमधल्या एका ताईंना देवळातलं कीर्तन आठवलं. ते टाकलं. मग एका दुपारी काका कंपनीचं एक लांबलचक पत्र टाइप करत होते, सुंदर, एक चूक नाही. शेवटच्या ओळीवर आले आणि दिवे गेले. डोंबिवलीत ते नवीन नव्हतं. थोड्या वेळाने दिवे आले, मशीन सुरू केलं, पत्र गायब. काका पडद्याकडे बघत राहिले.

"बाई, कुठे गेलं?"

"गेलं, काका."

"गेलं म्हणजे? मी टाइप केलेलं! टाइपरायटरवर लाइट गेली तरी अक्षर कागदावर राहतं. हे कसलं यंत्र? सगळ्यांसमोर लिहून घेतं आणि अंधारात गिळतं!"

ते खुर्चीत मागे टेकून बसून राहिले. त्यांच्याकडे बघताना मला बांधावर बसलेले वडील दिसले. तेच बसणं, तोच चेहरा. आणि मी काही ठरवायच्या आत बोलून गेले.

"काका, मीठ कसं करतात माहीत आहे?"

"मीठ? मीठ दुकानातून आणतात."

"आमच्याकडे नाही आणत. माझे आईवडील मिठागरात आहेत." मी खडू उचलला आणि फळ्यावर वाफे काढले. "हा वाफा. यात पाणी आटतं, मीठ धरतं. डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, पण ते अजून आपलं नाही. पाऊस आला की विरघळलं. तुमचा पडदा म्हणजे हा वाफा. तुम्ही टाइप करता ते वाफ्यातलं मीठ. दिवे जाणं म्हणजे पाऊस. आणि हा बांध, म्हणजे तुमची फ्लॉपी. दांताळ्याने ओढून बांधावर रास घातली की मग मीठ आपलं. तो जो आपण साठवायचा हुकूम देतो ना, तो म्हणजे दांताळं."

काका फळ्याकडे बघत होते. "म्हणजे पत्र पूर्ण होईपर्यंत थांबायचंच नाही?"

"उद्या ओढू म्हणायचं नाही, काका. दोन-चार ओळी झाल्या की ओढायचं."

"हे आधी का नाही सांगितलंत, बाई?" ते जरा रागावूनच म्हणाले. "एवढं सोपं होतं तर."

त्या दिवसापासून वर्ग बदलला. ट्यूबलाइट नुसती लुकलुकली तरी कुणीतरी ओरडायचं, "रास!" आणि सगळी बोटं एकदम की-बोर्डवर. मग बाकीचंही मी तिथूनच शिकवलं. नवी फ्लॉपी आधी फॉरमॅट करावी लागते. का? तर मोसमाच्या आधी वाफ्याची जमीन पायाने तुडवून टणक करतात, तेव्हा मीठ धरतं. आणि भरल्या वाफ्यात तुडवत फिरलात तर? "होतं नव्हतं ते मातीत," एक ताई म्हणाल्या. बरोबर, म्हणून भरलेली फ्लॉपी फॉरमॅट करायची नाही. फ्लॉपीच्या खाचेजवळचा लाल दिवा पेटलेला असताना ती ओढून काढायची नाही, कारण तेव्हा दांताळं चाललेलं असतं. पत्राला नाव देताना 'पत्र' एवढंच द्यायचं नाही, नाहीतर उद्या सगळीच पत्रं 'पत्र' होतील आणि नवं जुन्याच्या डोक्यावर बसेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरी प्रत. तिला आम्ही 'शाकारलेली' म्हणायचो. एक फ्लॉपी क्लासच्या कपाटात, दुसरी घरी, ऊन आणि लहान मुलं यांच्यापासून लांब.

घरी आईला सांगितलं तर ती हातातली भाकरी थापायची थांबली. "मिठाचं नाव घेतलंस? शिकलेल्या मानसांत?"

"घेतलं."

"लाज नाय वाटली?"

"कशाची?"

आईने त्या दिवशी मला नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त वाढली.

परीक्षेत दोन गोष्टी होत्या. कंपनीने दिलेला पत्रांचा संच फ्लॉपीवर तयार करून न्यायचा, आणि समोर बसून साहेबांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. दसऱ्यापर्यंत सगळ्यांचे संच पूर्ण झाले. काकांचा तर सगळ्यात आधी.

दसऱ्याला क्लास बंद असला तरी सरांनी पूजेला बोलावलं होतं. काका आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, झेंडूचे हार आणि सहाण-चंदन घेऊन आले. आयुष्यभर दर दसऱ्याला ते आपला टाइपरायटर टाचणीने अक्षरा-अक्षरातून साफ करायचे, तेल द्यायचे, गंध लावायचे. तसंच त्यांनी इथे केलं. मशीनच्या झग्याला फूल, की-बोर्डच्या कडेला हळद-कुंकू. मग पाटावर स्वतःच्या दोन्ही फ्लॉप्या मांडल्या. घरची मुद्दाम आणली होती. ओलं गंध बोटावर घेतलं, कुंकू मिसळलं आणि दोन्हींवर टिळा लावला. आम्ही सगळे आरतीच्या गडबडीत होतो, टिळा कुठे लावला ते कुणी बघितलं नाही. सरांनीही हात जोडले. पूजा केलेल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही म्हणून मशीनं बंदच राहिली.

दुसऱ्या दिवशी काकांनी फ्लॉपी आत सरकवली. मशीनमधून खर्र-खर्र आवाज आला, कुणी पातेलं घासावं तसा. पडद्यावर 'वाचता येत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. काकांनी काढली, दुसरी घातली. पुन्हा तेच. मी धावत गेले आणि फ्लॉपी बाहेर काढली. त्या लांबट खिडकीत, बरोबर उघड्या चकतीवर, वाळलेलं लाल गंध.

"काका, इथे का लावलंत?"

"मग कुठे लावणार?" काका गोंधळून म्हणाले. "सगळीकडे काळं पाकीट. एवढंच कपाळ उघडं दिसलं."

मला हसायला येत होतं आणि रडायलाही. दोन्ही प्रती गेल्या होत्या, परीक्षा पुढच्या सोमवारी होती. एका ताईंनी लगेच आपली फ्लॉपी पुढे केली. "काका, माझा संच घ्या. खालचं नाव बदलायचं फक्त."

"नको," काका म्हणाले. "दुसऱ्याची रास आपली म्हणून सांगायची? गोदाम परवडलं."

तेवढ्यात आवाज ऐकून सर आले. त्यांनी फ्लॉपी बघितली, मशीन बघितलं.

"मॅडम, आत मशीनचा वाचायचा भाग माखलाय. मेकॅनिकला दिवाळीपर्यंत वेळ नाही. एक मशीन गेलं, बाकीच्यांवर दुसऱ्या बॅचेस आहेत. काकांनी आता..." ते थांबले. "जाऊ दे. आपली अट तुम्हाला माहीत आहे."

"मशीन मी सुरू करून देते, सर."

"तुम्ही?"

"मी. मेकॅनिक उघडताना कितीदा तरी बघितलंय."

"आणि बिघडलं तर?"

"बिघडलेलंच आहे ना आता? आणखी काय बिघडणार?"

सरांनी आतून स्क्रूड्रायव्हर आणून दिला. मी प्लग काढला, झाकण उघडलं, गिरणीशेजारच्या औषधाच्या दुकानातून स्पिरिट मागवलं. उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळून तो इवलासा भाग पुसत राहिले. कापूस आधी लाल निघाला, मग गुलाबी, मग पांढरा. बॅचमधली सगळी माणसं माझ्याभोवती उभी होती. मी म्हटलं, "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय," आणि स्वतःशीच हसले. झाकण लावलं, कोरी फ्लॉपी घातली. लाल दिवा लागला, मशीन नेहमीसारखं गुरगुरलं. काका म्हणाले, "तुडवा बाई वाफा, मी बसतो."

ते बसले ते सोमवारपर्यंत. ऑफिस सुटलं की थेट क्लासमध्ये. पहिल्यांदा संच करायला लागला होता त्याच्या निम्म्या वेळात त्यांनी तो पुन्हा केला. दोन-चार ओळी झाल्या की कुणी न सांगता स्वतःच पुटपुटायचे, "रास," आणि बोट खाली. दोन प्रती केल्या. एक त्यांनी स्वतःच्या दप्तरात ठेवली आणि एक माझ्याकडे दिली. "तुमच्या घरी ठेवा, बाई. माझ्या घरी देवाचं फार आहे."

परीक्षेला मला आत सोडलं नाही. कारखान्याच्या फाटकाशी चहाच्या टपरीवर मी बसून होते. एकेक जण बाहेर यायला लागला, हसत. काका शेवटी आले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

"संच उघडला?"

"उघडला. सगळी पत्रं छापून निघाली."

"आणि प्रश्न?"

"मुख्य ऑफिसातले साहेब होते, तरुण. मला म्हणाले, मेमरी म्हणजे काय सांगा. मी म्हटलं, साहेब, इंग्रजीतून नाही येणार, मिठातून सांगतो." काकांनी रुमालाने मान पुसली. "ते म्हणाले, मिठातून? मग सांगितलं सगळं. वाफा, पाऊस, रास, शाकारणं. त्यांनी पेनच खाली ठेवलं हो. म्हणाले, आणि फ्लॉपीची काळजी कशी घेणार? मी म्हटलं, साहेब, गंध लावायचं नाही. इतके हसले, इतके हसले! म्हणाले, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, पुस्तकात नाही, आमच्या बाई मिठागरातल्या आहेत."

शाळेत ऐकलेला तोच शब्द. काकांनी तो असा उच्चारला जणू माझी पदवीच सांगत होते.

निकाल दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आला. त्या दिवशी मी घरी गेले तेव्हा मिठागरात नव्या मोसमाची तयारी सुरू होती, वडील पायाने वाफा तुडवत होते. मी बांधावरून ओरडून सांगितलं, "सगळे पास झाले!" वडिलांना कोण सगळे ते काही कळलं नसावं. त्यांनी हात वर केला आणि पुन्हा तुडवायला लागले.

पुढच्या दसऱ्याला काका पुन्हा हार घेऊन क्लासमध्ये आले. फ्लॉप्या पाटावर मांडल्या, पण त्या कागदी पाकिटात घालून, आणि गंध लावलं ते पाकिटावर. जुनं पाकीट फाटलं तरी ते टाकायचे नाहीत, टिळा लावलेलं म्हणून जपून ठेवायचे. आता ना तसल्या फ्लॉप्या राहिल्या, ना तो निळ्या मखमलीचा झगा, ना आमच्या खाडीकाठचे ते वाफे. दिवे गेले की मात्र अजूनही माझ्या तोंडून आपसूक निघतं, रास घातली का?

त्या बॅचमधले सगळे पास झाले आणि काका निवृत्त होईपर्यंत ऑफिसातच राहिले. मराठी बॅच कायम झाली आणि ती मी शिकवली. मिठागरातल्या मजुरांच्या घरातली मी, पहिली पदवीधर, डोंबिवलीत कॉम्प्युटरची शिक्षिका झाले.